शिष्यवृत्ती नातीची, पहारा आजोबांचा

रहिमतपूर,
शुक्रवार, बाजार करून आल्यावर

आदरणीय व्याही नानासो यांसी, सुभेदार हंबीरराव निकम (निवृत्त) याचा टाचा जुळवून रामराम.

तासगावात थंडी चांगली पडली असेल, आणि तुमच्या द्राक्षबागेवर ढगाळ हवेची नजर पडली नसेल अशी आशा करतो. तुमचे गुडघे कसे आहेत? विहीणबाईंचा खोकला गेला का? गेला नसेल तर गरम पाण्यात हळद घालून द्यावी, आणि गेला असेल तरी द्यावी, म्हणजे परत येण्याआधी तो विचार करील. इकडं आमची घरधनीण बनुबाई ठणठणीत आहे, म्हैस गाभण आहे, ऊस तोडीची वाट बघत उभा आहे. ठीक नसलेला घरात मी एकटा, आणि का ठीक नाही ते सांगायलाच हा कागद घेतला.

आजच्या काळात पत्र कोण लिहितं असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर बोलावं तर तुम्हाला कमी ऐकू येतं आणि मला हळू बोलता येत नाही. दोन्ही मिळून तुमच्या आणि माझ्या अशा दोन्ही गल्ल्यांना सगळं कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर 'निकम परिवार' ग्रुपची अ‍ॅडमिन तुमची कन्या माया. तिनं मला ग्रुपमधून काढलेलं आहे. (का काढलं ते पुढं येईल. ते वाचताना कृपा करून चहा पिऊ नये. मागं एकदा असंच हसताना तुमची कवळी बशीत पडली होती.)

आपल्या नातीला, म्हणजे चि. शिवांजलीला, पाचगणीच्या मुलींच्या शाळेत शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा तुम्ही तासगावात पेढे वाटताना 'पोरगी आईवर गेलीय' असं म्हणालात, हे माझ्या कानावर आलं. त्यावर मी काही बोलणार नाही. पोरीची बुद्धी कुणाकडची हा वाद बारशापासून चालू आहे, आणि एकाच पत्रात मिटायचा नाही. आमच्या घराण्यात मॅट्रिक पहिल्या खेपेला पास झालेला मी पहिलाच माणूस. (माझ्या आधी कुणी बसलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) असो. शाळेचं नाव इंग्रजी आहे आणि ते उच्चारताना माझी जीभ दातांत अडकते, म्हणून मी नुसतं 'शाळा' म्हणतो. तुम्ही ओळखून घ्यावं.

जूनमध्ये शाळेनं शिष्यवृत्तीवाल्या मुलींच्या पालकांची सभा बोलावली. आमचा वीरधवल, म्हणजे तुमचे जावई, तिकडं राजस्थानात सरहद्दीवर, म्हणून माया आणि मी गेलो. तुम्हालाही निरोप होता, पण तुमची औषधफवारणी निघाली. प्राचार्या अभ्यंकर मॅडमनी मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवत समजावून सांगितलं. बाई उंच, आवाज खणखणीत, केस आखूड. पलटणीत असत्या तर नक्की कर्नल झाल्या असत्या. त्या म्हणाल्या, 'शिष्यवृत्ती म्हणजे नुसती फी माफ असं समजू नका. या मुलींकडून शाळेच्या काही अपेक्षा असतात.'

'अपेक्षा' म्हणताच मी उठून सावधान उभा राहिलो. पलटणीत हुकूम बसून ऐकायची पद्धत नव्हती. माझ्या मागं एक पुण्याचे गृहस्थ होते, त्यांना पडदा दिसेना. ते 'अहो काका, बसा' म्हणू लागले, मायानं माझा शर्ट ओढायला सुरुवात केली, आणि मी 'ऐकू द्या की हो' म्हणून त्यांच्याशी थोडा वाद घातला. या गडबडीत मधले काही नियम माझ्या कानावरून गेले. बाकीचे मात्र पाठ झाले. मार्क घसरता कामा नयेत. एक खेळ, एक कला हवी. जेवणाच्या टेबलावर इंग्रजी बोलायचं. लहान मुलींना गोष्टी वाचून दाखवायच्या. पाहुणे आले की फाटकापासून त्यांना शाळा फिरवून दाखवायची. पाळीपाळीनं खानावळीचं काम बघायचं. सत्र संपलं की समितीपुढं उभं राहून आपण काय शिकलो ते सांगायचं. आणि सगळ्यांच्या वर, खरेपणा आणि स्वावलंबन. पालकांनी महिन्याच्या पहिल्या रविवारीच भेटायला यावं, एरवी मुलीला तिचं तिला करू द्यावं.

नानासो, वाईपर्यंत बसमध्ये मी ते नियम बोटांवर मोजत बसलो. एवढीशी पोर, अजून आठवीत, आणि तिच्या खांद्यावर एवढा दारूगोळा! मी ठरवलं, तिच्याकडून एवढी अपेक्षा, तर घरानं हात बांधून बसायचं का? सुट्टीत घरी आल्यावर तिची सवय मोडू नये म्हणून मी लगेच जेवताना इंग्रजी बोलायचा हुकूम काढला. पहिल्याच दिवशी बनुबाई म्हणाली, 'नो भाकरी. फिनिश.' मी म्हणालो, 'वन मोअर.' ती म्हणाली, 'गो टु शेजारी.' (तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे हे लग्नाला इतकी वर्षं होऊन मला तेव्हा कळलं.)

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मी एक पत्र्याची पेटी घेऊन पोचलो. भाकरी, डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, बनुबाईचा मिरचीचा ठेचा, आणि तुम्ही पाठवलेले बेदाणे. तिथं नियम असा की घरचं खाणं एकटीनं खायचं नाही, टेबलावर सगळ्यांत वाटायचं. मुंबईच्या एका मुलीनं ठेचा म्हणजे सँडविचची हिरवी चटणी समजून तो पावाला जाड लावला. पहिला घास घेतला. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग नाकातून, आणि मग तिनं आणखी मागितला. ते बघून मागं रांग लागली. सगळ्या रडत होत्या आणि सगळ्या ताट पुढं करत होत्या. खानावळीतलं पिण्याचं पाणी संपलं, बागेच्या नळावर गर्दी झाली, आणि माळीबुवांनी संप करायची भाषा केली. या धावपळीत तुमच्या बेदाण्याचा पुडा खिडकीत राहिला तो माकडांनी नेला. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. एका माकडानं दाणा उन्हात धरून, रंग बघून मगच तोंडात टाकला. दर्जाला पसंती आहे.

जाताना शिवांजली मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, 'आबा, पुढच्या वेळी मोकळ्या हातानं या. आणि पहिल्या रविवारीच या हं.' मी 'व्हय व्हय' म्हणालो आणि लगेच पुढच्या बुधवारी गेलो.

फाटकावरच्या रखवालदारानं मला आत सोडलं नाही. सोडलं नाही हे बरोबरच केलं, पण मान वर न करता सोडलं नाही, हे मला झोंबलं. मोबाइलवर नाचगाणी बघत तो नुसता म्हणाला, 'रविवारी या.' माझ्या जागी म्हैस असती तरी तो 'रविवारी या' म्हणाला असता. एवढ्या सगळ्यांच्या लेकी आत, आणि फाटक असल्याच्या हाती! मी त्याला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, 'सोडतोयच की नोकरी. गावाकडं शेळ्या घेतल्यात. तुमाला लय हौस असंल तर तुमी उभं ऱ्हावा.'

नानासो, माणूस रागात बोलून जातो, पण कधीकधी त्याच्या तोंडून देव बोलतो.

रखवालदार पुरवणारी एजन्सी वाईला आहे. तिचा मालक यशराज म्हणून पोरसवदा गडी. त्यानं माझ्या मिशा बघितल्या, पलटणीतून सुटल्याचं पुस्तक बघितलं, आणि 'अंकल, तुमच्यासारखा माणूस मिळणं म्हणजे नशीब' म्हणून तिथल्या तिथं निळा गणवेश, टोपी आणि शिट्टी हातात दिली. विजार कमरेत ढिली होती, ती मी सुतळीनं आवळली. घरी सांगितलं की पाचगणीत माजी सैनिकाचं काम निघालंय, काही दिवस मुक्काम तिथंच. (माजी सैनिक मीच आणि काम माझंच, त्यामुळं खोटं काही नव्हतं.) शाळेत रखवालदाराला सगळे 'काका' म्हणतात, नाव कुणी विचारत नाही, टोपीखालचं तोंडही कुणी निरखत नाही. माझ्या पथ्यावरच पडलं.

आता स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण त्या फाटकानं असे दिवस कधी बघितले नसतील. मी भेटवहीत नुसतं 'भेट' लिहू दिलं नाही. कुणाची, कशासाठी, आणि भेटून काय साधणार, असं लिहायला लावलं. मोठमोठ्या गाड्यांतून आलेले बाप माझ्यापुढं तोंडात चूळ धरल्यासारखे रांगेत उभे राहायचे. दूधवाल्याला मी परवलीचा शब्द दिला. (शब्द होता 'दूध'. तरी तो दोनदा विसरला.) शाळेचे एक विश्वस्त आले, त्यांना गाडीची डिकी उघडायला लावली. आत स्टेपनी आणि गाजरं निघाली. गाजरं कशासाठी हे त्यांना नीट सांगता आलं नाही, म्हणून मी तसं वहीत नोंदवलं. खुद्द अभ्यंकर मॅडम एका सकाळी ओळखपत्राशिवाय फिरायला बाहेर पडल्या होत्या, त्यांना मी परत आत घेतलं नाही. शिपाई त्यांच्या बंगल्यावरून ओळखपत्र घेऊन येईपर्यंत त्या बाहेर कट्ट्यावर बसल्या. मला वाटलं गेली नोकरी. पण बाई उठून म्हणाल्या, 'काका, शाबास.' कर्नलच, मी म्हणालो नव्हतो?

नातीच्या दृष्टीस मात्र मी पडलो नव्हतो. आठवीचा वर्ग मैदानावर जायला फाटकाजवळून निघाला की मी टोपी खाली ओढून भिंतीकडं तोंड करायचो आणि भिंत तपासायचो. पण एके दिवशी परगावच्या शाळेच्या बाई पाहुण्या म्हणून आल्या आणि त्यांना घ्यायला फाटकावर फुलं घेऊन आली आपली शिवांजली! मी गाडीला सलामी देत होतो. हात कपाळाला, तोंड समोर, पळायला वाव नाही. तिनं मला बघितलं. फुलं हातातून सुटता सुटता राहिली. पण नानासो, पोर पक्की. पाहुण्यांपुढं हसून म्हणाली, 'गुड मॉर्निंग, अंकल.' सख्ख्या नातीनं मला अंकल म्हणावं! आणि जाता जाता, ओठ न हलवता,

'आबा, हे काय?'

'ड्यूटी.'

'कुणाची?'

'तुझी.'

दुपारी ती परत आली. तोंड एवढंसं झालेलं. म्हणाली, 'आबा, जूनच्या सभेत मॅडम काय म्हणाल्या ते ऐकलं नव्हतं का तुम्ही? शाळेत काम करणाऱ्या माणसाच्या घरातल्या मुलीला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. त्यांच्यासाठी वेगळी सवलत असते, आणि ती आधीपासून मागावी लागते. तुम्ही इथं काम करता हे कळलं तर माझी जागा जाईल.'

(पुण्याच्या त्या गृहस्थांशी मी वाद घालत होतो, नेमका तेव्हाच हा नियम निघून गेला असणार.)

मी म्हणालो, 'मी कुठं शाळंचा? मी एजन्सीचा गडी.'

'आणि एजन्सीला पैसे कोण देतं?'

(हा प्रश्न मात्र तुमच्याकडचा. व्यापारी डोकं. कबूल करतो.)

'राजीनामा द्या, आबा.'

'शिवा, शिपाई ठाणं सोडत नसतोय.'

'मग मला काढतील.'

'कोण काढतंय बघतो. काढायला माझ्या फाटकातनंच आत यावं लागंल.'

ती चिडली नाही, रडली नाही. माझी वाकडी टोपी सरळ करून वर्गाकडं गेली, आणि मला पहिल्यांदा आत काहीतरी टोचलं. पण मी मिशीवर हात फिरवून ते दाबलं. माझी चूक तिथं झाली.

त्यात भर म्हणून दुसऱ्याच दिवशी अभ्यंकर मॅडम स्वतः फाटकाशी येऊन म्हणाल्या, 'काका, सत्र संपताना आम्ही उत्तम काम करणाऱ्या एका सेवकाचा सगळ्या शाळेपुढं सत्कार करतो. या वेळी तुमचा. घरच्यांना जरूर बोलवा, त्यांनाही व्यासपीठावर बसवू.' मी फुललो. शिवांजली दिसताच तिला आनंदाची बातमी सांगितली. तिच्या कपाळावर आठी पडली. (ही आठी आमच्याकडची.) आणि ती तडक खानावळीकडं गेली. त्या आठवड्यात जेवणाचा बेत ठरवायची पाळी तिची होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बेत निघाला पुरी, बटाट्याची भाजी आणि बासुंदी. माझं ताट घेऊन ती स्वतः आली. पाऊस नुकताच उघडलेला, कोवळं ऊन पाठीवर, समोर वाटीत बदामाचे काप घातलेली दाट बासुंदी. मी म्हणालो, 'ड्यूटीवर हाय, थोडीच दे.' ती म्हणाली, 'उभ्यानं जेवू नये आबा, अंगी लागत नाही. बसा.' मी बसलो. 'आणखी थोडी.' मी घेतली. 'तळाशी साय राहिलीय, टाकून द्यायची का?' अन्न टाकवत नाही हो आपल्याला. तीही घेतली. नानासो, मी बर्फात पहारा केला आहे, वाळूत पहारा केला आहे, पापणी लवू दिली नाही. पण बासुंदी पाजून कुणी हल्ला करील, असं आम्हाला शिकवलंच नव्हतं.

पुढचं मला ऐकून ठाऊक आहे, आणि थोडं फोटोवरून. मी खुर्चीत, तोंड उघडं, घोरणं असं की समोरच्या रस्त्यावरचे घोडे बिथरलेले. माझी टोपी एका माकडानं उचलून डोक्यावर घातली, शिट्टी तोंडात धरली, आणि ते फाटकाच्या खांबावर जाऊन बसलं. तेवढ्यात आतून अभ्यंकर मॅडम पाहुण्यांना घेऊन येत होत्या. बरोबर वाट दाखवायला शिवांजली. ती सगळ्यांना बरोब्बर खुर्चीसमोर घेऊन आली आणि 'मॅडम, आपले रखवालदार झोपले आहेत' असं स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. माकडानं श्वास सोडला, शिट्टी वाजली. मी दचकून उठलो. डोळे नीट उघडले नव्हते, वर उंचावर टोपी दिसली. टोपी दिसली की हात कपाळाला जायचा, ही माझ्या उभ्या जन्माची सवय. मी टाचा जुळवल्या आणि माकडाला कडक सलामी दिली. माकडानंही हात वर केला. (डोकं खाजवायला. पण लांबून फरक कळत नाही.) सुतळी त्याच वेळी तुटली. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

संध्याकाळच्या आत एजन्सीचा निरोप आला की गणवेश जमा करावा. मी पिशवी भरत होतो, तिथं शिवांजली आली. मी तिच्याकडं पाठ करून म्हणालो, 'फितुरी केलीस. सुभेदाराला झोपंत पकडून दिलंस.'

'मी फक्त वाढलं, आबा,' ती म्हणाली. 'झोपलात तुम्ही.'

मी तुटलेली सुतळीसुद्धा घडी घालून पिशवीत ठेवली.

मला वाटलं, चला, प्रकरण मिटलं. माझी अब्रू गेली पण पोरीची जागा राहिली. कसलं काय! चार दिवसांनी घरी शाळेचा फोन. सत्राअखेरच्या समितीपुढं शिवांजली उभी राहणार, आजोबांनीही यावं. मी कोट घातला, पदकं लावली, आणि गेलो. टेबलामागं अभ्यंकर मॅडम आणि ते गाजरवाले विश्वस्त. पोरीनं कुणी विचारायच्या आधी स्वतःच सगळं सांगितलं होतं. मी कोण, का आलो, बासुंदीचा बेत कुणी आणि कशासाठी केला, सगळं. खरेपणाची अपेक्षा होती ना! कागदावर लिहिलेली अपेक्षा माणसं वाचतात, नानासो, ही पोर पाळते.

विश्वस्तांनी विचारलं, 'या सत्रात तू काय शिकलीस?'

ती म्हणाली, 'मराठीत सांगू का? इंग्रजीत मला हे नीट यायचं नाही.' मॅडमनी मान हलवली. मग ती म्हणाली, 'शाळेच्या माझ्याकडून अपेक्षा आहेत, त्या मला कळतात. पण माझ्या घरची सगळी पलटणच त्या पुऱ्या करायला निघालीय. आबांनी फाटक धरलं. आजी फोनवर माझ्याशी इंग्रजी बोलते. आई रोज गणितं सोडवून पाठवते. तासगावचे आजोबा बुद्धी वाढायला बेदाण्याच्या पेट्या पाठवतात. सगळे इतकं करतात की मला करायला काही उरतच नाही. मग ही शिष्यवृत्ती मला मिळाली की त्यांना? मला चुकायचं झालं तर चुकू द्या. पण मला एकटीला करून बघायचंय.'

मान शेवटपर्यंत ताठ होती. मी तिच्या मागं भिंतीशी उभा. मी पुढं झालो आणि म्हणालो, 'आवं मॅडम, पोरीचं बराबर हाय. गुन्हा माझा हाय. शिक्षा मला करा, पर तिची जागा ऱ्हाऊ द्या. ती एकटी बास हाय, आमची कुनाची गरज न्हाई तिला.' हे म्हणताना जेवढं जड गेलं तेवढं पहिल्या दिवशी बंदूक उचलताना गेलं नव्हतं.

विश्वस्त कागद चाळत म्हणाले, 'नियम नियम आहे. पगार किती घेतलात?'

मी म्हणालो, 'अजून दमडी न्हाई. एजन्सी महिना भरल्यावर देती. महिना भरायच्या आधी माकड आलं.'

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. विश्वस्त खिडकीबाहेर बघू लागले, पण त्यांचे खांदे हलत होते. मग दोघांनी आपसात बोलून तोड काढली. पगार मी सोडायचा, म्हणजे ती नोकरी धरायची नाही, आजोबांनी प्रेमापोटी केलेली सेवा धरायची. शिवांजलीची शिष्यवृत्ती चालू. मात्र आमंत्रणाशिवाय मी हे वर्षभर फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, पहिल्या रविवारीसुद्धा नाही. जाताना मॅडम म्हणाल्या, 'सुभेदारसाहेब, आमचं फाटक तुमच्यासारखं कुणी सांभाळलं नाही.' आणि थोडं थांबून, 'जेवणाआधी.'

कुणा मुलीच्या पालकानं काढलेला माझा आणि माकडाचा फोटो फिरत फिरत 'निकम परिवार' ग्रुपवर आला. मी त्याखाली 'डावीकडचा मी' एवढंच लिहिलं, गैरसमज नको म्हणून. तेवढ्यावर तुमच्या कन्येनं मला काढून टाकलं.

असो. आता मी शहाणा झालो आहे. पोरीच्या वाटेत जात नाही. आठवड्यातून एकदा ती फोन करते, मी 'बरी हाईस का' एवढंच विचारतो, बाकी ती सांगेल ते ऐकतो. परवा म्हणाली, वक्तृत्वात तिसरा नंबर आला, मधेच एक ओळ विसरले, पण माझी मी सावरले. आवाजात काय आनंद होता म्हणून सांगू! पहिला आला असता तरी एवढा नसता. मी दिवसभर शेतात असतो, मन शांत आहे, पाचगणीची आठवणसुद्धा येत नाही. तुम्हीही बेदाण्याच्या पेट्या थांबवाव्यात ही विनंती. माकडांना सवय लागली आहे.

विहीणबाईंना माझा नमस्कार, बागेतल्या गड्यांना रामराम. हे पत्र वाचून झालं की चुलीत घालावं आणि मायाला याचा वाससुद्धा लागू देऊ नये.

आपला व्याही,
हंबीरराव

ता. क. : शाळेचं स्नेहसंमेलन पुढच्या पंधरवड्यात आहे. शिवांजलीचा त्यात खो-खोचा सामना आहे आणि एक गाणंही. शिष्यवृत्तीवाल्या मुलींना दोन पास मिळतात, ते तिनं 'तासगावचे आजी-आजोबा अजून एकदाही आले नाहीत' म्हणून तुम्हाला पाठवले, असं समजलं. चांगलंच केलं. पण पसरणीचा घाट फार वळणाचा आहे, तुमचे गुडघे असे, आणि हवा ढगाळ व्हायची लक्षणं आहेत. बागेला सोडून जाणं बरं दिसतं का? दोन्हीतला एक पास इकडं पाठवलात तर तो वाया जाणार नाही. पास हे आमंत्रणच असतं, हे मी वकिलाला विचारून घेतलं आहे. त्या बदल्यात पोरीची बुद्धी तुमच्याकडची, असं मी चारचौघांत म्हणायला तयार आहे.

दुसरा ता. क. : पास रहिमतपूरच्या पत्त्यावर पाठवू नये, इथं बनुबाई पाकिटं फोडते. तो असा पाठवावा : हंबीरराव निकम, मक्याच्या कणसांचा गाडा, शाळेच्या फाटकासमोर, पाचगणी. शनिवार-रविवार मी तिथं हमखास सापडतो. गाडा रस्त्याच्या पलीकडं आहे, म्हणजे फाटकाच्या बाहेर. समितीच्या ठरावात गाड्याबद्दल एक अक्षर नाही. शिवांजलीला यातलं काही माहीत नाही.

पावनं, रामराम. मी बनुबाई. ह्यांनी पाकीट टपालात टाकाय माज्याकडं दिलं. चिकटवलं न्हवतं, म्हंजी वाचायलाच दिलं म्हनायचं. शेतात ह्ये कवा दिसल्यात कुनाला? शिवाला समदं ठावं हाय. तिनंच त्या गाडेवाल्याला सांगून ह्यास्नी तितं बशिवलंय, 'आमच्या आबास्नी कुठंतरी ड्यूटी पायजे, न्हाईतर घरात आजीला तरास' म्हनून. ह्यास्नी सांगू नगा, लय खूश हायती. आन् पास ह्यास्नी अजिबात देऊ नगा. येक मला द्या, येक इहीनबाईस्नी ऱ्हाऊ द्या. आमी दोगी फुडच्या खुर्चीत बसतो. तुमीबी या की मोटारीनं, घाट काय खात न्हाई कुनाला. तुमी दोगं भाईर गाड्यावर ऱ्हावा. स्नेहसंमेलनाला लय गर्दी आसती, कणसाला मीठ-मिरची लावाय मानूस कमी पडतंय म्हनं.